मंगळावरचे खड्डे, मालवणच्या मापाने

मालवणच्या धक्क्यावर उभे राहिले की समोर समुद्रात सिंधुदुर्ग दिसतो. बाहेरगावचे पाहुणे धक्क्यावरूनच त्याच्याकडे पाहतात आणि म्हणतात, "एवढाच का किल्ला?" मग होडीने पलीकडे जातात, तटाच्या कडेकडेने फेरी मारतात, आणि पाय दुखू लागले की त्यांना किल्ल्याचे खरे माप कळते. शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर या किल्ल्याचे काम सुरू केले. आत सुमारे ४८ एकर जागा आहे आणि तटाची लांबी तीन किलोमीटरांच्या आसपास आहे. पाण्यापलीकडच्या वस्तूचा अंदाज नजरेला येत नाही, तो असा.

मंगळ ग्रहावरून येणाऱ्या चित्रांचेही तसेच आहे. अमेरिकेने तेथे सोडलेल्या गाड्या, म्हणजे रोव्हर, रोज चित्रे पाठवतात. वर्तमानपत्रात ती तुम्ही पाहिली असतील, मुलांनी मोबाइलवर दाखवली असतील. तांबडी जमीन, विखुरलेले धोंडे, लांबवर एक बांधासारखी कड. ती कड म्हणजे प्रचंड खड्ड्याचा काठ असतो. पण चित्रात ना माड, ना घर, ना गुरे. ओळखीची वस्तूच नसल्याने डोंगरही ढेकळाएवढा वाटतो. म्हणून हे खड्डे आपण आपल्याच मुलुखाच्या मापाने मोजू या.

पहिले माप लोणारचे

असा खड्डा आपल्या महाराष्ट्रातही आहे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर अवकाशातून आलेल्या प्रचंड दगडाच्या आघाताने झाले. पूर्वी पुष्कळांना तो ज्वालामुखीचा खड्डा वाटे. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात तेथील खडकांतील आघाताच्या खुणा दाखवण्यात आल्या. असा दगड येतो तो इतक्या वेगाने की, जमिनीवर आदळताच सुरुंगासारखा स्फोट होतो. म्हणून खड्डा गोल पडतो आणि दगडाच्या कितीतरी पट मोठा होतो. या खड्ड्याला शास्त्रज्ञ विवर म्हणतात.

लोणारच्या विवराची रुंदी सुमारे १.८ किलोमीटर आहे. काठावरून तळ्यापर्यंत खोली सुमारे १५० मीटर, म्हणजे सहासात माड एकावर एक उभे करावेत एवढी. क्षेत्र काढले तर साधारण साडेसहाशे एकर भरते. आपले तेरा सिंधुदुर्ग त्यात आरामात मावतील. हा खड्डा काळ्या बेसॉल्ट खडकात आहे. मंगळावरही तोच खडक पुष्कळ असल्यामुळे मंगळाचा अभ्यास करणारे लोक लोणारला मुद्दाम येतात. मंगळावरच्या एका विवराला लोणारचे नाव दिले आहे, आणि दुसऱ्या एकाला पुण्याचे जुने नाव, पूना.

दुसरे माप आपल्या जिल्ह्याचे

आता मंगळाकडे वळू. भारतीय वेळेनुसार १९ फेब्रुवारी २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर 'पर्सिव्हरन्स' नावाची गाडी तेथील जेझेरो विवरात उतरली. या विवराची रुंदी सुमारे ४५ किलोमीटर आहे. नुसता आकडा ऐकून काही कळत नाही. तेव्हा त्याचा मध्य कुडाळवर ठेवा. मालवण जवळजवळ काठावर येईल. ओरोस, वेंगुर्ले आणि सावंतवाडी खड्ड्याच्या आत जातील. कणकवली तेवढी उत्तरेला बाहेर राहील. क्षेत्र सुमारे १,५९० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या तिसऱ्या हिश्श्याला थोडे कमी.

येथे एक हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. जेझेरोची रुंदी लोणारच्या पंचवीसपट आहे, पण क्षेत्र पंचवीसपट नाही, सुमारे सहाशेपट आहे. आंब्याच्या कलमाला आळे करताना हेच घडते. आळ्याची रुंदी दुप्पट केली की आतली जमीन चौपट होते आणि शेणखतही त्या मानाने लागते. गोल वस्तूची नुसती रुंदी ऐकून अंदाज बांधू नये, तो याच कारणासाठी.

'क्युरिऑसिटी' ही दुसरी गाडी २०१२ साली गेल विवरात उतरली. ते विवर १५४ किलोमीटर रुंद आहे. त्याचा एक काठ मालवणला धरला, तर सरळ रेषेत दुसरा काठ मिरजेजवळ जाईल आणि कोल्हापूर पोटात येईल. त्याच्या मध्यभागी सुमारे पाच किलोमीटर उंचीचा डोंगर आहे. आपले कळसूबाई १,६४६ मीटरचे. तशी तीन एकावर एक ठेवली तरच त्या डोंगराची बरोबरी होईल.

गाडी अंतर कसे मोजते?

एक डोळा मिटा आणि अंगठा समोरच्या बुरुजावर धरा. मग तो डोळा उघडून दुसरा मिटा. अंगठा बाजूला सरकलेला दिसेल. वस्तू जवळ असेल तर जास्त सरकते, लांब असेल तर कमी. पर्सिव्हरन्सच्या खांबावर साधारण वीतभर अंतराने दोन कॅमेरे बसवले आहेत. दोन्हींच्या चित्रांतील फरकावरून धोंडा किती लांब आहे हे काढता येते. मंगळाभोवती फिरणारी याने वरून नकाशा देतात तो वेगळाच.

एवढ्या खड्ड्यात ही गाडी चालते मात्र फार सावकाश. सपाट जमिनीवरही तिचा वेग तासाला सुमारे दीडशे मीटर. नांगराला जुंपलेली बैलजोडी तिला केव्हाच मागे टाकील. २०२५ च्या अखेरीपर्यंत, जवळजवळ पाच वर्षांत, ती सुमारे ४० किलोमीटर चालली. तिच्या आधीची 'ऑपॉर्च्युनिटी' ही गाडी २००८ साली एका विवरातून बाहेर पडली आणि २१ किलोमीटर चालून २०११ साली पुढच्या विवराच्या काठाशी पोहोचली. एसटीने मालवणहून कुडाळला जाण्याइतकेही हे अंतर नाही, पण त्याला तीन वर्षे लागली. तिच्याकडून तीन महिन्यांच्या कामाची अपेक्षा होती. तिने २०१८ पर्यंत, चौदा वर्षे, काम केले.

पांढऱ्या मातीची साक्ष

एवढा खटाटोप कशासाठी? पाण्याच्या खुणा शोधण्यासाठी. जेझेरोत साडेतीनशे कोटी वर्षांपूर्वी तळे होते आणि एक नदी त्याला येऊन मिळत होती. तिने टाकलेला गाळ पंख्यासारखा पसरलेला आजही दिसतो. देवबागेला कर्ली नदी समुद्राला मिळते तेथे वाळू कशी साठते आणि सरकते, हे आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगायला नको.

दुसरी खूण तर आपल्या विहिरीतली आहे. जांभ्यात विहीर खणताना वरचा कठीण थर संपला की मऊ, पांढुरकी माती लागते. चिनी मातीच्या जातीची ही माती. युगानुयुगे पडलेल्या पावसाने खडकातील बाकीची द्रव्ये धुऊन नेली की ती उरते. जेझेरोत विखुरलेल्या काही पांढुरक्या दगडांत हेच खनिज सापडले. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तेथे लाखो वर्षे भरपूर पाऊस पडत असावा.

आज त्या जमिनीवर वाहते पाणी नाही. मंगळाची हवा विरळ होत गेली आणि त्याला पाणी धरून ठेवता आले नाही. पाऊस पडणे आणि पाणी राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या सड्यावर पावसाळ्यात धो धो पाणी पडते आणि चैत्र-वैशाखात विहिरी तळ गाठतात. उताराला बांध घालणे, ओहोळ अडवणे, उघड्या सड्यावर काजू-आंब्याची लागवड करणे, ही कामे मी गावोगाव सांगत असतो ती याचसाठी.

मुलांना हे समजावायचे असेल तर त्यांना चिवल्याच्या पुळणीवर न्या. कोरड्या वाळूत निरनिराळ्या उंचीवरून एकच गोटा टाकायला सांगा आणि प्रत्येक खळग्याची रुंदी काडीने मोजून घ्या. उंची वाढली की खळगा किती मोठा होतो, हे त्यांचे त्यांनाच दिसेल. मग घरी येऊन जिल्ह्याच्या नकाशावर, नकाशाचे प्रमाण पाहून, कुडाळभोवती साडेबावीस किलोमीटरचे वर्तुळ काढा. आपले गाव त्या खड्ड्यात पडते की काठावर, हे मुलांनाच शोधू द्या.