संपीडनाच्या मध्यावरील कण
ज्या तरंगात माध्यमाचे कण तरंगाच्या प्रसाराच्याच दिशेला समांतर असे मागेपुढे आंदोलित होतात, त्याला अनुतरंग म्हणतात. ही व्याख्या पाठ असलेल्यालाही कणाची हालचाल प्रत्यक्ष पाहण्याचा अनुभव अनपेक्षित काही दाखवून जातो.

गुळगुळीत फरशीवर ताणून धरलेल्या लांब स्लिंकीच्या एका वेढ्याला लाल दोरा बांधून तिचे एक टोक एकसारख्या लयीत मागेपुढे हलवले, की वेढ्यांची दाटी, म्हणजे संपीडन, आणि तिच्यामागून येणारी विरळ जागा, म्हणजे विरलन, दुसऱ्या टोकाकडे झपाट्याने जाताना दिसतात. दोरा मात्र दोन-तीन बोटांच्या अंतरात पुढे सरकतो, क्षणभर थबकतो, मागे येतो आणि तरंगाबरोबर वाहून जात नाही. पाहणाऱ्याची नजर हटकून धावत्या दाटीमागे ओढली जाते. म्हणून दोऱ्याच्या मूळ जागी, म्हणजे साम्यस्थितीवर, खडूची रेघ ओढून नजर तिथेच खिळवावी लागते, आणि पलीकडच्या टोकावरून परतलेला तरंग मिसळण्याआधीच काय ते पाहून घ्यावे लागते.

नजर स्थिरावली की दिसते ते असे: दोऱ्याभोवती वेढे सर्वाधिक दाटतात, त्या क्षणी दोरा रेघेपासून दूर कुठे नव्हे, तर नेमका रेघेवर असतो आणि कमाल वेगाने पुढे चाललेला असतो. मागचे वेढे आपल्या जागेवरून पुढे सरकलेले आणि पुढचे मागे सरकलेले असल्यामुळे दाटी होते. मधल्या वेढ्याला त्यासाठी स्वतःची जागा सोडावी लागत नाही. विरलनातही तो रेघेवरच असतो, फक्त त्या वेळी उलट दिशेला धावत असतो, तर रेघेपासून सर्वांत लांब गेल्यावर, म्हणजे विस्थापन आयामाएवढे झाल्यावर, तो थांबतो आणि तिथे वेढ्यांची घनता नेहमीइतकीच असते. विषयाचे खरे मर्म इथे आहे, आणि केवळ आकृतीवरून ते सहसा उमगत नाही.

हवेतला ध्वनीही असाच अनुतरंग असतो आणि तो २० अंश सेल्सिअसला सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. साध्या संभाषणाइतक्या तीव्रतेच्या, १००० हर्ट्झ वारंवारतेच्या ध्वनीत मात्र कणाचे कमाल विस्थापन एका सेंटीमीटरच्या जेमतेम दहा लाखाव्या भागाएवढे असते. इथे कण म्हणजे एकेक रेणू नव्हे, कारण रेणू तर ध्वनी नसतानाही सेकंदाला शेकडो मीटर वेगाने वाटेल त्या दिशेला धावत असतात. कण म्हणजे असंख्य रेणू सामावणारा, तरीही तरंगलांबीच्या मानाने अतिशय लहान असा हवेचा अंश, आणि आंदोलन होते ते त्याच्या सरासरी स्थितीचे.