पांढरे हाड आणि बोलके हाड

१/ एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याच जिल्ह्यात, हरवाडीजवळ, मांजरेच्या जुन्या गाळात पाणघोड्याचे जीवाश्म सापडले आहेत. एके काळी येथे पाणघोडे डुंबत होते, ही साक्ष केवळ हाडांनी दिली.

२/ मात्र जमिनीतून निघालेला तुकडा कोणत्या प्राण्याचा, हे ठरविण्यासाठी आजच्या प्राण्यांच्या कवट्या शेजारी ठेवाव्या लागतात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात असा तुलनात्मक संग्रह आहे. देवणी वा लालकंधारी बैलाची कवटी तेथे शोभेची वस्तू नसते, मोजमापाचे साधन असते.

३/ म्हणून ती उकळत नाहीत. उकळल्याने चरबी हाडात मुरते, सांधे सुटतात, दातांना तडे जातात. कवटी साध्या पाण्यात काही आठवडे ठेवावी. उरलेले मांस सूक्ष्मजीवच खातात. शिंगाचे टोपण आपोआप सैल होते व आतला हाडाचा गाभा उरतो. पुढे साबणाच्या कोमट पाण्यात चरबी काढावी. पाणी तेलकट होणे थांबेपर्यंत ते बदलत राहावे.

४/ शुभ्रता हवीच असेल, तर ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड पुरे. कपडे धुण्याचे क्लोरीनयुक्त ब्लीच टाळावे. हाडाचा सुमारे एक तृतीयांश भाग सेंद्रिय असतो. ब्लीच तोच पोखरते, आणि आज लखलखणारी कवटी पुढे खडूसारखी भुगा होते. शेवटी स्वच्छ धुऊन सावलीत वाळवावी.

५/ सुरीही दूरच ठेवावी. इनामगावच्या उत्खननातील (१९६८–८३) हाडांसारख्या अवशेषांवर कापल्याच्या खुणा वाचूनच त्या काळचा आहार कळतो. नव्या सुरीचा ओरखडा हा खोटा पुरावा ठरतो.

६/ मांजरेच्या जीवाश्मांना तर शुभ्र करणे हा गुन्हाच म्हणावा. त्यांचा काळसर-तपकिरी रंग हजारो वर्षे गाळातील खनिजे मुरल्याचा दाखला आहे. तेथे बारीक सुई, मऊ कुंचला आणि संयम एवढेच चालते.

७/ एक गोष्ट विसरता येत नाही. मेलेली जनावरे ओढण्याचे काम या समाजाने शतकानुशतके काही जातींच्या माथी मारले आणि वर त्यांनाच अस्पृश्य ठरविले. १९२७ साली महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावरांचे मांस सोडण्याचे आवाहन केले, ते या अपमानाविरुद्ध होते. तेच हाड प्रयोगशाळेच्या मेजावर आले की त्याला विद्या म्हणतात. विटाळ हाडात कधीच नव्हता. तो पाहणाऱ्याच्या नजरेत होता.

८/ मांजरेकाठी नांगराच्या फाळाला जड, दगडासारखे हाड लागले, तर ते घासू नये, धुऊ नये. जागेची नोंद करावी, छायाचित्र घ्यावे, जाणकारांना कळवावे. मातीसकट ठेवलेले हाड जे सांगते, ते पांढरे केलेले हाड सांगू शकत नाही.