वादळानंतरचे घर आणि विम्याचे कागद

सरकारी नोकरीत आपत्तीशी आमचा संबंध बहुधा तक्त्यांतून येतो. किती पक्की घरे पूर्ण पडली, किती अंशतः पडली, किती झोपड्या गेल्या याची माहिती राज्याकडून येते, केंद्राचे पथक पाहणी करून येते आणि ठरलेल्या निकषांनुसार रक्कम निश्चित होते. मीही असे तक्ते पुष्कळ वाचले आहेत. परंतु एका घराचे छत कोसळते तेव्हा ते पुन्हा उभे करण्याचा खर्च प्रत्यक्षात कोण, केव्हा आणि कशाच्या आधारावर देतो, हे मला अगदी जवळून पाहायला मिळाले ते चेन्नईत, १२ डिसेंबर २०१६ च्या 'वरदा' चक्रीवादळानंतर. (वरदा म्हणजे गुलाब. हे नाव पाकिस्तानने सुचवलेले होते. नाव ऐकून आपल्या वर्धा जिल्ह्याची आठवण होणारा मी एकटाच मराठी माणूस नसेन.)

त्या वेळी मी किल्पॉक भागातील एका जुन्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. घराच्या मालकीण तंजावरी मराठी. व्यंकोजीराजांच्या मागोमाग दक्षिणेत स्थायिक झालेल्या कुटुंबांपैकी एका घराण्यातल्या. सर टी. माधवरावांसारखे दिवाण ज्या समाजाने दिले, तोच हा समाज. त्यांची मराठी ऐकताना पहिले चार-सहा महिने मला प्रत्येक वाक्य मनात पुन्हा म्हणून पाहावे लागे. सगळे त्यांना आक्का म्हणत, मीही म्हणू लागलो. वय त्या वेळी चौऱ्याहत्तर, यजमान वारलेले, मूलबाळ नाही, उत्पन्न म्हणजे कुटुंबनिवृत्तिवेतन आणि माझे भाडे.

वादळ दुपारी शहरावर आले. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता. मध्ये थोडा वेळ सगळे शांत झाले, आणि वादळ सरले अशा समजुतीने लोक रस्त्यावर आले. प्रत्यक्षात तो वादळाचा डोळा होता. तो सरकल्यावर वारा उलट दिशेने सुटला आणि सकाळपासून एका बाजूला रेटली गेलेली झाडे दुसऱ्या बाजूला कोसळली. शहरात हजारो झाडे पडली. शेजारच्या आवारातला मोठा गुलमोहर आक्कांच्या घराच्या मागील भागावर आडवा झाला. स्वयंपाकघरावरचे छत खाली आले आणि लगतच्या खोलीचे छत दुभंगले. कोणाला इजा झाली नाही. वीज मात्र आमच्या भागात पाच दिवस नव्हती.

हे छत 'मद्रास टेरेस' पद्धतीचे होते. सागाच्या तुळया, त्यांवर चुन्यात उभ्या लावलेल्या छोट्या विटा, त्यावर विटांचे तुकडे आणि चुना यांचा कुटलेला थर, आणि सर्वांत वर सपाट फरशी. सिमेंटच्या स्लॅबपूर्वी या शहरातली बहुतेक चांगली घरे अशीच बांधली जात. या चुन्यात हिरड्याचे आणि गुळाचे पाणी घालतात. हे येथे मुद्दाम सांगतो, कारण पुढे विम्याच्या प्रकरणात हिरडा आणि गूळ यांनी बरेच काम वाढवले.

आता पैशाकडे येतो. त्या वेळच्या राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांनुसार, पक्के घर किमान १५ टक्के पडले असेल तर मदत होती ५,२०० रुपये. मैदानी भागातले घर पूर्ण पडले तर ९५,१०० रुपये. २०२२ पासूनच्या निकषांत हे आकडे अनुक्रमे ६,५०० आणि १ लाख २० हजार झाले. ही रक्कम अपुरी आहे असे म्हणण्यात अर्थ नाही, कारण ती भरपाई नव्हेच. ती मदत आहे, म्हणजे संकटात सापडलेल्याला तात्काळ आधार. कोकणात २०२० च्या 'निसर्ग' वादळानंतर राज्य सरकारने निकषापेक्षा जास्त रक्कम दिली, तरी तिचे स्वरूप मदतीचेच राहिले. विमा मात्र भरपाईचा करार आहे. सरकारी पंचनामा आणि विम्याच्या सर्वेक्षकाचा अहवाल हे वरवर सारखे दिसणारे कागद. पंचनाम्यात घर 'अंशतः' की 'पूर्णतः' एवढेच ठरले की पुढचे निकष सांगतात. सर्वेक्षक तुळया मोजतो.

आक्कांच्या घराचा विमा होता. काही वर्षांपूर्वी दुरुस्तीसाठी बँकेचे कर्ज काढले तेव्हा बँकेने सक्तीने उतरवायला लावलेला, आणि कर्ज फिटल्यावरही सवयीने दरवर्षी नूतनीकरण होत राहिलेला. विमा रक्कम १२ लाख, पहिल्या दिवसापासून तीच. वादळानंतर दुसऱ्याच दिवशी कंपनीला कळवायचे होते, पण फोन बंद होते. मी लेखी सूचना घेऊन स्वतः शाखेत गेलो आणि प्रतीवर पोच घेतली. पोच घेतल्याशिवाय कार्यालय सोडायचे नाही, ही शिस्त नोकरीने अंगी बाणवली आहे.

तेव्हाच्या नियमांनुसार सूचना मिळाल्यापासून ७२ तासांत सर्वेक्षक नेमायला हवा. नेमणूक बहुधा झाली असेल, माणूस आला नवव्या दिवशी. शहरभर झाडे पडली असताना हे समजण्यासारखे होते. पण या नऊ दिवसांत काय करायचे? पडलेले तसेच ठेवावे तर पुढच्या पावसात उरलेली खोलीही जाणार. हलवावे तर पुरावा जाणार. पॉलिसीत दोन्ही बाजूंची अट असते. नुकसान वाढू नये म्हणून विमाधारकाने वाजवी काळजी घ्यावी, आणि तपासणीसाठी अवशेषही उपलब्ध ठेवावेत. आम्ही झाड घरावर असतानाचे, कापतानाचे आणि हलवल्यानंतरचे असे फोटो काढले. एकाच कोपऱ्यातून, त्या दिवशीचे वर्तमानपत्र शेजारी ठेवून. तुटलेल्या तुळया अंगणात ओळीने रचून त्यांवर खडूने क्रमांक घातले. वर ताडपत्री घातली आणि तिचे बिल जपून ठेवले.

झाड कापायचे म्हणजे रोकड हवी. नोटाबंदीला तेव्हा महिना उलटून गेला होता. बँकेतून आठवड्याला २४,००० रुपये काढण्याची मर्यादा होती, यंत्रातून दिवसाला २,५००, तेही यंत्रात पैसे असले तर. वीज नाही, जाळे नाही, म्हणजे कार्डही चालत नाही. करवत घेऊन फिरणाऱ्या टोळ्यांचे दर रोज सकाळी वाढत. टंचाईत किंमत वाढते हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकलो होतो, पण टंचाई एकाच वेळी झाड कापणाऱ्याची आणि नोटेची, अशी दुहेरी असली की काय होते, ते पुस्तकात नव्हते. शेवटी शेजारच्या किराणा दुकानदाराने आक्कांच्या धनादेशावर रोकड दिली. त्याच्याकडे रोज नोटा येत होत्या आणि त्या बँकेत भरायला रांगेत उभे राहणे त्याला नको होते.

खरा प्रश्न दुरुस्तीच्या वेळी उभा राहिला. पॉलिसीत पुनर्स्थापनेचे कलम होते. त्याचा अर्थ असा की घसारा न कापता, पूर्ववत उभारण्याचा खर्च मिळेल, पण तो खर्च आधी करून दाखवावा लागेल. खर्च दाखवायचा म्हणजे बिले हवीत. चुन्याचे काम जाणणारे गवंडी, ज्यांना इकडे कोत्तनार म्हणतात, आता थोडेच उरले आहेत. जो मिळाला तो साठीचा होता, त्याच्यासोबत तीन बायका विटा-चुना वाहायला आणि एक आसारी, म्हणजे सुतार. यांपैकी कोणाकडेही बिलपुस्तक नव्हते, विक्रीकराचा क्रमांक असण्याचा तर प्रश्नच नाही. तुळया जुन्या लाकडाच्या वखारीतून आल्या, त्याही चिठ्ठीवर. आपल्या देशातली घरदुरुस्ती जवळपास सगळी अशीच होते, आणि विमा मात्र केवळ कागद ओळखतो. मोठ्या कंत्राटदाराकडून सिमेंटचा स्लॅब टाकून घेतला असता तर शिक्क्याचे बिल मिळाले असते. सर्वेक्षकाने तसे सुचवलेही. आक्का नाही म्हणाल्या. अर्धे घर चुन्याचे आणि अर्धे सिमेंटचे केले तर सांध्यातून पाणी शिरते, हे त्यांना वडिलांच्या वेळेपासून ठाऊक होते.

तेव्हा मी सार्वजनिक बांधकाम खात्याची जुनी पद्धत वापरायचे ठरवले. एका वहीत रोजचा हजेरीपट, नाव, काम, मजुरी, आणि सही किंवा अंगठा. दुसऱ्या वहीत मोजमाप, म्हणजे लांबी, रुंदी, जाडी आणि तारीख. पाच हजारांपेक्षा जास्त रकमेच्या पावतीवर एक रुपयाचे महसूल तिकीट. कोत्तनार पहिल्या दिवशी हसला. चौथ्या दिवशी तो स्वतःच फूटपट्टी घेऊन माझी वाट पाहत उभा होता, कारण आपण किती काम केले हे त्यालाही प्रथमच लिहिलेले दिसत होते. या वह्या सर्वेक्षकाने स्वीकारल्या. त्याने शेवटपर्यंत धरून ठेवलेली शंका एकच : इमारत दुरुस्तीच्या खर्चात हिरडा आणि गूळ कसे? हे किराणा सामान दिसते. त्यावर एका निवृत्त स्थापत्य अभियंत्याचे अर्ध्या पानाचे पत्र जोडावे लागले.

एकूण दावा २ लाख ६० हजारांचा होता. सर्वेक्षकाने त्यातून ५५ हजार वगळले, शेरा असा की खोलीच्या भिंतीतील ओल जुनी आहे. उरले २ लाख ५ हजार. त्यानंतर आले प्रमाणशीर कपातीचे कलम. घर उभारण्याचे मूल्य त्याने ३० लाख धरले, विमा होता १२ लाखांचा. म्हणजे विमाधारकाने जोखमीचा ४० टक्के भाग विमा कंपनीकडे दिला आणि ६० टक्के स्वतःकडे ठेवला असे मानले जाते, आणि नुकसान केवढेही असो, ४० टक्केच मिळतात. हाती येणार होते ८२ हजार, त्यातूनही अनिवार्य वजावट.

आक्कांना हा अन्याय वाटला. नुकसान १२ लाखांच्या खूप आत आहे, मग कपात का? मला त्यांना सांगणे भाग होते की हे कलम करारात आहे आणि तत्त्वतः योग्यही आहे, कारण पूर्ण मूल्याचा विमा घेणाऱ्याने जास्त हप्ता भरलेला असतो. माझी तक्रार वेगळी आहे. दरवर्षी नूतनीकरणाचा हप्ता घेताना घराची किंमत आज किती, हे त्यांना कोणीही विचारले नव्हते. बँकेने विमा उतरवला तो स्वतःच्या कर्जाच्या सुरक्षिततेपुरता. मध्यस्थाला दलाली मिळत राहिली. करार कायदेशीर होता आणि समजावून सांगितलेला नव्हता, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या.

म्हणून आम्ही कपातीला हात लावला नाही. आक्षेप घेतला तो ओलीच्या शेऱ्यावर. माझ्या भाडेकराराच्या वेळी, म्हणजे २०१५ च्या मोठ्या पुरानंतर, त्याच खोलीचे काढलेले फोटो होते आणि त्यांत भिंत कोरडी दिसत होती. कंपनीने दरम्यान 'पूर्ण व अंतिम' असे लिहिलेली पावती सहीसाठी पाठवली. आक्कांना पैशांची गरज होती, त्यांनी सही केली. त्याने हक्क संपत नाही. विमा नियामकाने सप्टेंबर २०१५ च्या परिपत्रकात हे कंपन्यांना बजावले होते. कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाकडे पत्र दिले. तिथे दाद लागली नसती तर विमा लोकपालांकडे जाता आले असते. तिथे शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. तशी वेळ आली नाही. ५५ पैकी ४० हजार मान्य झाले, त्यांचे ४० टक्के, म्हणजे आणखी १६ हजार. एवढ्यासाठी चार महिने आणि सात पत्रे. आक्कांनी त्या पैशांतून स्वयंपाकघराला नवी खिडकी बसवली.

एप्रिल २०२१ पासून घरांसाठी 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी आली. तीत चटई क्षेत्र गुणिले बांधकामाचा दर अशी विमा रक्कम ठरते, ती दरवर्षी दहा टक्क्यांनी आपोआप वाढते, आणि प्रमाणशीर कपातीचे कलम काढून टाकले आहे. घरातील सामान इमारतीच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, कमाल १० लाख, त्यातच येते. आक्कांनी ती घेतली, या वेळी टेप घेऊन खोल्या आम्ही दोघांनी मोजल्या. मधल्या काळात मी दिल्लीला जाऊन पुन्हा चेन्नईला आलो होतो. डिसेंबर २०२३ च्या 'मिचौंग' वादळात तळमजल्यात फूटभर पाणी शिरले. राज्य सरकारने बाधित कुटुंबांना ६,००० रुपये रोख दिले. विम्याचा दावा आक्कांच्या भाचीने केला, आणि वही आधीच तयार होती.

या लेखाचे वाचक बहुतेक महाराष्ट्राबाहेर आहेत, आणि त्यांपैकी अनेकांचे एखादे घर दापोली, श्रीवर्धन, मालवण अशा ठिकाणी कुलूपबंद असेल. जुन्या प्रमाणित अग्नी पॉलिसीत एक अट होती : घर सलग ३० दिवसांहून जास्त रिकामे राहिले आणि कंपनीची संमती घेतलेली नसली, तर संरक्षण थांबते. आपल्या पॉलिसीत या बाबतीत काय लिहिले आहे ते पाहा, आणि कंपनीला घर बंद असल्याचे लेखी कळवून त्याची पोच ठेवा. शिवाय वर्षातून एकदा कोणाला तरी पाठवून छताचे आणि भिंतींचे तारखेसह फोटो काढून घ्या. पावसाळ्याआधी.