आधी गाडीले इचार

ति. मामा,



तीन दिवस झाले, तुझा फोन लागत नाही. शेवटी वहिनीला लावला. ती म्हणाली, "ते दिवसभर बंदच ठेवतात. बॅटरी उतरते म्हणे. संध्याकाळी सात ते साडेसात चालू करतात." मामा, हे मी कुणाला सांगू? ज्याने अख्ख्या गल्लीचे फोन चार्ज केले, तो माणूस बॅटरी वाचवायला स्वतःचा फोन बंद ठेवतो! तिथे सुरतेत तुझ्या पलंगाच्या उशाशी प्लग आहे, मी पाहिलाय. त्यात चार्जर खोचायला कुणी मनाई केली आहे का? बरं, सात ते साडेसात मी बातम्या पाठवत असतो, तेव्हा मान वर करायलाही सवड नसते. म्हणून हे पत्र. तुला याआधीचं पत्र बहुतेक माझ्या दहावीच्या निकालाचं असेल.

काम आहे, ते सांगतोच. पण आधी ती पिशवी आठवते का तुला?

पांढऱ्या मांजरपाटाची, मामीने शिवलेली, हॅंडलला अडकवायची. मी नववीत होतो. भारनियमनाचे दिवस. विहिरीच्या मोटारीला रात्री लाइट यायची आणि घरात दिवसदिवस नसायची. गल्लीत सहा-सात फोन, बहुतेक ते टॉर्चवालं नोकिया 1100, आणि चार्ज करायला जागा नाही. तू रोज सकाळी गावाहून धुळ्याला पारोळा रोडच्या गाळ्यावर जायचास, स्प्लेंडरवर, पाऊण तास. साइड पॅनलखाली तू चारचाकीत असतं तसलं सिगारेट लायटरचं सॉकेट बसवलेलं आणि त्यात कारचा चार्जर. मग काय, सकाळी ओट्यावर रांग. एकेकाचा फोन घेऊन त्याच्या पाठीवर डॉक्टरी चिकटपट्टी, पट्टीवर बॉलपेनने नाव. एका वेळी दोन फोन, वाटेत फाट्यावर थांबून अदलाबदल. गाळ्यावर लाइट असलीच तर प्लग एक आणि गिऱ्हाइकाच्या कामाची सोल्डर गन त्याच प्लगला. त्यामुळे खरा भरवसा गाडीचाच. पाऊण तासात दोन-दोन काड्या चढायच्या, तेवढ्या त्या फोनांना दिवसभर पुरत.

आणि पिशवीत फोन वाजला की तू गाडी बाजूला घेऊन उचलायचास! "तो वावरमा शे. सांजले फोन कर." कुणाचा जावई, कुणाचा व्यापारी, कुणाची बारामतीला दिलेली बहीण. गल्लीतल्या सगळ्यांची खबर आधी तुला कळायची. एकदा एकाच्या मुलीचं लग्न जमल्याचा फोन तू रस्त्यात घेतलास आणि अर्ध्या वाटेवरून परत फिरून सांगायला आलास. गाळा त्या दिवशी दुपारी उघडला.

पैसे मात्र कुणाकडून घेतले नाहीस. मामी चिडायची. तू म्हणायचास, पेट्रोल तर तसंही जळणारच आहे.

पण फुकट काही नसतं, हेही तूच शिकवलंस. मला आठवतं, सुट्टीत मी गाळ्यावर बसायचो आणि तू टेस्ट लॅम्प हातात देऊन म्हणायचास, "आधी गाडीले इचार, मंग माले इचार." 97 सीसीची गाडी. तिच्या मॅग्नेट कॉइलमध्ये जेवढा करंट तयार होतो, तेवढाच तिचा पगार. त्यातून हेडलाइट, टेललाइट, हॉर्न, इंडिकेटर, आणि उरलं तर बॅटरीत शिल्लक. गाडी उभी राहून धुगधुगत असली की पगार आणखी कमी. जुन्या गाड्यांत हेडलाइट थेट मॅग्नेटवर चालायचा, म्हणून ॲक्सिलरेटर सोडला की रस्ता अंधारायचा, ते तू अंगणात गाडी उभी करून भिंतीवर दाखवलं होतंस. "कितलं देस ते देख, मंग माग." हे वाक्य तू मामीलाही ऐकवायचास आणि ती लाटणं उगारायची.

मी ते ऐकलं असतं तर!

आता तुला ज्याची आठवण काढायला आवडत नाही, तेच लिहितो. तू कधी बोलला नाहीस, म्हणून मलाच बोलावं लागतंय. बातमीदारीला लागलो, जळगावला खोली घेतली, मोठा फोन घेतला. फोटो, व्हिडिओ, मजकूर, सगळं त्याच्यावर. दुपारी तीनला फोन मेला की दिवस गेला. तुला म्हटलं, गाडीला यूएसबी बसवून दे. तू म्हणालास, आठ दिवस थांब, हातात कामं आहेत, आणि रिले आणावा लागेल. आठ दिवस! एका सॉकेटला! मी रागावून जळगावातच एकाकडून अर्ध्या तासात बसवून घेतलं. त्याने दोन वायरी थेट बॅटरीच्या टर्मिनलला आवळल्या, टाकीखालून हॅंडलपर्यंत ओढल्या, टेप गुंडाळली, झालं. निळा दिवा लागला. तुला फोटोसुद्धा पाठवला होता मी, मिजाशीत. तू उत्तर दिलं नाहीस. दुसऱ्या दिवशी फोन करून एवढंच म्हणालास, "बॅटरीवर आकडा टाका का रे?"

मला तेव्हा ते लागलं होतं. आकडा टाकणारे चोर असतात.

पण शब्द बरोबर होता. दिवाळीत आठ दिवस गाडी अंगणात उभी राहिली आणि परत आलो तर हॉर्नसुद्धा वाजेना. नंतर तूच कागदावर मांडून दाखवलंस. त्या सॉकेटात फोन नसला तरी आतलं सर्किट जागंच असतं. आपलं सॉकेट वीस मिलिअँपिअर खातं, असं मीटरने सांगितलं. चोवीस तासांचा जवळजवळ अर्धा अँपिअर-अवर झाला. बॅटरी तीनची. सहा दिवसांत खडखडाट. किल्ली काढली तरी चोरी चालूच!

आणि मग आषाढातली ती रात्र. एरंडोल सोडून पाच-सात किलोमीटर आलो असेन. पाऊस भुरभुरत होता. वळणावर हॅंडल फिरवलं आणि प्लॅस्टिक जळाल्याचा वास आला. हॅंडलच्या मानेपाशी ती वायर प्रत्येक वळणाला पत्र्यावर घासत होती. वरचं आवरण गेलं, तांबं चॅसीला टेकलं. गाडीचा स्वतःचा फ्यूज होता की! पण ही वायर त्याच्या अलीकडूनच निघालेली, त्याला पत्ताच नाही. बॅटरीचा सगळा जोर त्या बारक्या वायरीत. ती शेजारच्या वायरींना कवटाळून वितळली. मी टर्मिनल उपटलं, दोन बोटं भाजली. गाडी बंद, आणि ज्याच्यासाठी हा उपद्व्याप केला तो फोनही बंद. एका ट्रकवाल्याने फोन दिला, पण नंबर कुणाचा पाठ? एकच. तुझा.

त्या रात्री तुझा फोन चालू होता, मामा. पावणेअकरा वाजले होते.

तू बाराला आलास. डोक्यावर खताच्या गोणीची खोळ, खिशात टेस्ट लॅम्प, पक्कड, टेप. मी तोंडातल्या तोंडात काही म्हणत होतो, तुझं लक्ष नव्हतं. टॉर्चचा उजेड माझ्या बोटांवर टाकलास, मग वायरिंगवर. म्हणालास, "जेवना का?" बस. जळालेलं कापून, दोन तारा पिळून, टेप लावून चौथ्या किकला गाडी चालू केलीस आणि घरापर्यंत माझ्या मागे मागे आलास, तुझ्या दिव्याच्या उजेडात मला चालवत.

रागावला असतास तर मला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी गाळ्यावर तू जे केलंस, ते मी आजही डोळे मिटून करू शकेन. लाल वायरीला बॅटरीपासून वीतभर अंतरावर तीन अँपिअरचा फ्यूज, कारण फ्यूजच्या आणि बॅटरीच्या मधला तुकडा बेवारस असतो, तो जेवढा आखूड तेवढा बरा. पुढे रिले. रिलेला जागं करणारी वायर टेललाइटची, म्हणजे किल्ली फिरवल्याशिवाय सॉकेट मेलेलं. सांध्यांना डाग, त्यावर स्लिव्ह, मग टेप. मानेपाशी वायरीला मुद्दाम सैल झोल. सॉकेटचं तोंड खाली, पाणी आत न राहावं म्हणून. आणि मी काळी वायर अर्थ समजून धरली तेव्हा हातावर चापट: या गाडीत हिरवी अर्थ, काळी किल्लीनंतरची जिवंत! तीस रुपयांचा फ्यूज-होल्डर आणि थोडी सबुरी, एवढंच तू मागत होतास.

आता हे सगळं काही गाड्यांत कंपन्याच देतात. 2022मध्ये स्प्लेंडरचं एक्सटेक मॉडेल आलं, त्यात यूएसबी कंपनीकडूनच. 1 एप्रिल 2017पासून नव्या गाड्यांचा हेडलाइट दिवसाही बंद होत नाही, म्हणजे तो खर्च कायमचा डोक्यावर. आणि फोन? तुझ्या पद्धतीने मांडून पाहिलं मी. नोकियाची बॅटरी जेमतेम तीन वॅट-अवरची. आत्ताच्या पाच हजार मिलिअँपिअर-अवरवाल्या फोनची एकोणीस. गाडीच्या तीन अँपिअर-अवरवाल्या बॅटरीत सगळे मिळून छत्तीस. गाडी बंद ठेवून एक फोन भरला तर अर्ध्याहून जास्त बॅटरी गेलीच, वर सर्किटचा तोटा वेगळा. आणि मे महिन्यात जळगावच्या पंचेचाळीसच्या उन्हात हॅंडलवर लावलेला फोन तापून स्वतःच चार्जिंग घ्यायचं नाकारतो. म्हणून मी तो पिशवीत ठेवतो. होय, पिशवीत.

आणि ऐक, तुझी गल्ली माझ्या गाडीवर आली आहे. 2021च्या 15 ऑगस्टपासून ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतः वावरात उभं राहून कपाशीचा, ज्वारीचा फोटो फोनवर चढवायचा. लोकेशन चालू, रेंज कमी, फोन भराभर उतरतो. परवा पारोळ्याच्या बाजूला बांधावर एक आजोबा भेटले. फोनवर चार टक्के, मुलगा पुण्याला. म्हणाले, "भाऊ, गाडीले वायर शे का?" मी जुनी गाडी चालू ठेवून वीस मिनिटं थांबलो. फोटो चढला. त्यांनी पैसे काढले. मी काय म्हणालो असेन, सांग बरं?

आता काम. नवी गाडी घेतली आहे, दुसऱ्या कंपनीची. हिच्यात यूएसबी नाही. वॉरंटीमुळे वायर कापायची नाही, कप्लरमधूनच घ्यावं लागेल. टेललाइटच्या कप्लरमध्ये तीन वायरी आहेत, रंग ओळखीचे नाहीत. टेस्ट लॅम्प माझ्याकडेच आहे, गाळा मोडलास तेव्हा भंगारात जाण्याआधी मी उचलला होता. तुला सांगितलं नव्हतं.

हात थरथरतो म्हणून तू हो-नाही करशील, ते माहीत आहे. रविवारी पहाटे निघतो, साक्री, कोंडाईबारी, नवापूर करत दुपारपर्यंत सुरत. साइड पॅनल उघडलेलं नाही. डाग मी देईन. तू फक्त बस आणि लॅम्प धर.

आणि शनिवारी रात्रीपासून फोन चालू ठेव. वाटेत काही झालं तर नंबर मला तोच एक पाठ आहे.

तुझा भाचा