चाकांवरचा संसार, चाकणचा बाजार

मोशी ओलांडून इंद्रायणीचा पूल मागे पडला, की पुणे-नाशिक रस्त्यावर मालमोटारींची रांग लागते ती चाकणच्या तळेगाव चौकापर्यंत सुटत नाही. महाळुंगे, निघोजे, खालुंब्रे, नाणेकरवाडी या शिवारांत पूर्वी बाजरी-हरभरा पिके. आज तिथे मोटारी तयार होतात. तो माल दिल्ली-चेन्नईकडे नेणारे लांबलचक कंटेनर कारखान्यांच्या कुंपणाशी आपल्या पाळीची वाट पाहत उभे असतात.

या कंटेनरची केबिन म्हणजे जमिनीवरचे गलबतच. तिथेच झोपायचे, तिथेच चार भांडी ठेवायची, पाणी कॅनमध्ये भरून मोजून वापरायचे. पंधरा-पंधरा दिवस घर दिसत नाही. खेड, जुन्नर, आंबेगावच्या कितीतरी घरांतली मुले आज या चाकांवर आहेत. सकाळी वडापाव, दुपारी चहा-बिस्किटे, रात्री अकराला तेलाचा तवंग असलेली भाजी आणि लगेच झोप. दिवसभर बैठक. तिशी-पस्तिशीतच पोट सुटते, मग रक्तदाब आणि साखर मागे लागते.

लांबच्या प्रवासात काय खावे, हा प्रश्न दर्यावर्दी लोकांना फार आधी पडला. महिनोन्‌महिने वाळके बिस्कीट आणि खारे मांस खाऊन खलाशांच्या हिरड्यांतून रक्त येई, अंगातली शक्ती जाई, माणसे मरत. या रोगाला स्कर्व्ही म्हणतात. १७४७ साली जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरने आजारी खलाशांना दोन-दोन करून निरनिराळे उपचार दिले. संत्री-लिंबे मिळालेले दोघे सर्वांत लवकर बरे झाले.

दुसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ या काळात तैग्रिस नदीकाठी कुत-अल-अमारा येथे सहावी पुणे डिव्हिजन तुर्कांच्या वेढ्यात अडकली. तीत मराठा पलटणीही होत्या. पीठ कसेबसे पुरे, पण भाजीपाला मिळेना. कितीतरी हिंदी शिपायांना स्कर्व्ही झाला. त्याच महायुद्धात हॅरिएट चिक आणि मार्गारेट ह्यूम या शास्त्रज्ञ बायकांनी प्रयोगांनी दाखवले, की सुक्या कडधान्याने हा रोग टळत नाही. पण तेच भिजवून मोड आणले, की टळतो. मोडांत क जीवनसत्त्व तयार होते. आपल्या घरची मटकीची उसळ ती हीच!

आजच्या ड्रायव्हरला स्कर्व्ही होतो असे नाही. वाटेत भाजीपाला मिळतो. पण भट्टीवरच्या ढाब्यापेक्षा केबिनमधली शिदोरी चांगली, हा धडा कायम आहे. आणि तिचा बराचसा माल चाकणलाच मिळतो. खेड बाजार समितीच्या इथल्या महात्मा फुले बाजारात कांदा-बटाट्याचे ढीग लागतात. कांदा, बटाटा, लिंबू, लसूण, गूळ, शेंगदाणे, मटकी, मूग हा माल आठवडाभर सहज टिकतो.

काही गोष्टी मात्र सांभाळाव्यात. कांदा व बटाटा वेगवेगळ्या पिशव्यांत, वारा लागेल असे ठेवावेत. बटाटा उजेडापासून झाकावा. हिरवा पडलेला खाऊ नये. बुरशी आलेले वा कडवट शेंगदाणे टाकून द्यावेत. मटकी रात्रभर भिजवून सकाळी निथळावी, ओल्या फडक्यात बांधून केबिनच्या खुंटीला टांगावी. उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत मोड येतात, थंडीत दुसरा दिवस लागतो. उसळ थोड्या तेलात करावी आणि लिंबू खाली उतरवल्यावरच पिळावे, कारण उष्णतेने क जीवनसत्त्व नाश पावते. स्टोव्ह बंद केबिनमध्ये कधीही पेटवू नये. त्याचा विषारी वायू झोपेत जीव घेतो.

लोणचे-पापड-फरसाण बेताने. दिवसाला माणशी ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे चहाच्या सपाट चमचाभरापेक्षा, कमी मीठ असावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. गाडी उभी असेल तेव्हा अर्धा तास पायी फिरावे, आणि जेवण व झोप यांत दोन तास जाऊ द्यावेत.

माता-भगिनींनो, मुलगा गाडीवर निघताना चिवड्याच्या डब्याबरोबर किलोभर मटकी, डझनभर लिंबे आणि एक स्वच्छ फडके बांधून द्या. मोड कसे आणायचे ते त्याला घरीच एकदा करायला लावा. वर्षातून एकदा प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन त्याचा रक्तदाब व साखरही तपासून घ्या.