कपाटातला मॉडेम

मे महिन्यात दुपारी तीनच्या सुमारास इंटरनेट जातं आणि संध्याकाळी वारा सुटला की आपोआप येतं. डोंबिवलीच्या आणि ठाण्याच्या, दोन्ही मानपाड्यांत हे इतक्या घरांत चालतं की लोकांनी त्याची तक्रार करणंही सोडलंय, आणि मला चीड येते ती याचीच. तक्रार केलीच तर पलीकडून ठरलेलं उत्तर मिळतं: मॉडेम बंद करा, थोड्या वेळाने चालू करा. चालू केल्यावर तो चालतो, तक्रार निकालात निघते आणि दुसऱ्या दिवशी तीन वाजता पुन्हा तेच. मग कुणीतरी सुचवतं, प्लॅन वाढवून घ्या. शंभर एमबीपीएसचे तीनशे होतात, बिल वाढतं, मॉडेम तोच राहतो आणि तिथेच राहतो. माझं सगळं काम याच तारेवर चालत असल्यामुळे या गोष्टीच्या खोलात जाणं मला भाग पडलं. माझं मत असं झालंय की दुपारच्या या बिघाडात लाइनचा दोष फारसा नसतो आणि यंत्राचाही कमीच असतो. दोष असतो तो मॉडेम बसवलेल्या जागेचा.

आकडे बघितले की हे पटतं. फायबरचा घरगुती मॉडेम साधारण दहा वॅट वीज खातो आणि त्यातली जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. एलईडी दिवा एवढीच वीज घेतो, पण पेटलेला दिवा कपाटात ठेवून कुणी दार लावत नाही. शिवाय दिवा रात्री बंद होतो, मॉडेम वर्षभर चालूच असतो. अशा यंत्रांच्या माहितीपत्रकात बहुधा 0 ते 40 अंश सेल्सिअस ही मर्यादा छापलेली असते, आणि ती यंत्राभोवतीच्या हवेची असते, बाहेरच्या अंगणातली नव्हे. एप्रिल 2024 मध्ये हवामान विभागाने मुंबई, ठाणे आणि रायगडला उष्णतेच्या लाटेचा इशारा दिला होता. अशा दिवसांत डोंबिवलीच्या मानपाड्यात वरच्या मजल्यावर, तापलेल्या स्लॅबखाली, पंखा चालू असतानाही खोली 35 अंशांवर असू शकते. तिथे टीव्हीच्या युनिटमध्ये, सेटटॉप बॉक्सच्या डोक्यावर आणि मागे प्लाय ठोकलेल्या कप्प्यात मॉडेम असेल, तर त्याच्याभोवतीची हवा 40 च्या पुढे जायला वेळ लागत नाही. मग आतली चिप स्वतःला वाचवायला वेग कमी करते, वायफाय सोडून देते किंवा सगळं यंत्रच पुन्हा सुरू होतं.

असला मॉडेम उचलून उलटा करून बघा. पोटाला आणि कडांना बारीक खाचा असतात, गार हवा खालून आत यावी आणि तापलेली वरून निघून जावी म्हणून. पाठीवर कुलपाच्या भोकासारखी दोन छिद्रं असतात. बनवणाऱ्याने ती भिंतीवर टांगण्यासाठी दिलेली आहेत, म्हणजे यंत्र कुठे असावं हे त्याच्या अंगावरच कोरलेलं आहे. पण त्या खाचांत धुळीची राखाडी लोकर साचलेली असते, आणि घोडबंदर रस्त्यालगतच्या ठाण्याच्या मानपाड्यात तर वर्षानुवर्षं चाललेल्या मेट्रो 4 च्या कामामुळे ती लवकर साचते. पांढरं प्लास्टिक चिपच्या बरोबर वर पिवळं पडलेलं दिसतं.

हे असं का होतं? बसवण्याची जागा काही मिनिटांत ठरते आणि ती कुणीच विचार करून ठरवत नाही. फिटिंगला आलेल्या मुलाला दिवसभरात आणखी घरं उरकायची असतात. तार जिथवर पोचते तिथे तो यंत्र ठेवतो. नव्या टॉवरांत बिल्डरने दाराजवळ, विजेच्या डीबीशेजारी एक पत्र्याची पेटी दिलेली असते आणि फायबर तिथेच उतरते. पेटीत हवा नाही आणि पत्रा वायफायलाही अडवतो, तरी मॉडेम तिथेच कोंबला जातो. पेटी नसेल तर इंटिरियरवाला आहेच. वायरी दिसता कामा नयेत या एकाच हट्टापायी त्याने ड्रॉइंग काढलेलं असतं, आणि ज्या यंत्रावर मुलांचा अभ्यास आणि घरच्यांची नोकरी चालते, त्यासाठी त्यात हवेशीर कोपरा नसतो. मूर्तीसाठी कोनाडा असतो, शोपीससाठी प्रकाशासकट काचेची फळी असते. यानंतर मॉडेम बंद पडला की दंड ग्राहकालाच: सुट्टी टाकून तंत्रज्ञाची वाट बघा, कधी बदली यंत्रासाठी अनामत भरा. बिल्डर, इंटिरियरवाला आणि कंपनी तिघेही नामानिराळे राहतात. हा मला सरळसरळ अन्याय वाटतो.

यावर पहिला आक्षेप येतो की मॉडेम गरम लागणारच, त्यात घाबरायचं काय. ते खरंच आहे. हाताला कोमट किंवा थोडा गरम लागणं हे बिघाडाचं लक्षण नाही, आणि नुसत्या स्पर्शावरून निदान करूही नये. निदान वेळेवरून करावं. रात्री नऊला वेग मंदावत असेल तर ती बहुतेक गर्दी असते, सगळी इमारत त्या वेळी काहीतरी बघत असते. एलओएसचा, म्हणजे सिग्नल पोचत नसल्याचा, लाल दिवा लागला तर तार तुटली, दबली किंवा कोपऱ्यात फार वाकली, त्यात उष्णतेला दोष देऊ नये. कधीही, अगदी पहाटेसुद्धा, यंत्र आपोआप बंद-चालू होत असेल तर अडॅप्टर तपासावा. त्यावर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर मॉडेमच्या लेबलशी जुळतात का आणि बीआयएसचा शिक्का आहे का, हे बघणं सोपं आहे. पण बिघाड दुपारचा असेल, दिवे सगळे हिरवे असतील आणि मॉडेम मोकळ्यावर काढून ठेवल्यावर बिघाड थांबत असेल, तर दुसरं कारण शोधायची गरज नाही. बंद करून चालू केल्याने गुण येतो हा कशाचाच पुरावा नव्हे, कारण त्याने मेमरीही साफ होते आणि यंत्र थोडं निवतंही. खरं कारण झाकलं जातं.

दुसरा आक्षेप असा की एवढ्या स्वस्त यंत्रासाठी इतका खटाटोप कशाला, जळालं तर बदलून मिळेल. पण ते एकदम जळत नाही, हळूहळू झिजतं. 1889 मध्ये रसायनशास्त्रज्ञ स्वांते अऱ्हेनियसने तापमान आणि रासायनिक क्रियेचा वेग यांचं नातं मांडलं. त्यावरूनच अशा यंत्रांतल्या कपॅसिटरच्या बाबतीत ठोकताळा निघाला की तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य जवळपास निम्मं होतं. मधल्या काळात रोज थोडा त्रास आणि रोज थोडा संशय, कधी लाइनवर, कधी प्लॅनवर. छोटा पंखा लावण्याचा उपाय बरेचजण सांगतात. मला तो आवडत नाही. बंद कप्प्यात तो तीच तापलेली हवा फिरवतो आणि धूळ आत ओढतो.

मात्र सगळं खापर जागेवर फोडून कंपनीला मोकळं सोडणं मला आता तेवढंसं पटत नाही. ज्या भागात उन्हाळ्यात पारा चाळिशी गाठतो, तिथे चाळीस अंशांच्या मर्यादेचं यंत्र द्यायचं असेल, तर ते कुठे ठेवायचं हे सांगणं देणाऱ्याचंच काम आहे. दूरसंचार नियामक ट्रायने ऑक्टोबर 2024 मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीनुसार मानांकन देण्याचे नियम काढले. फायबर घरापर्यंत पोचते का हे जसं बघितलं जातं, तसं घरात ते कुठे उतरतं हेही बघितलं गेलं पाहिजे. सोसायटीच्या कमिट्यांनी हा प्रश्न ताबा घेण्याआधी बिल्डरला विचारावा. आणि ज्यांच्या घरी उद्या फिटिंगला माणूस येणार आहे त्यांनी दोन मीटर जास्त तार मागून घ्यावी आणि मॉडेम उघड्या भिंतीवर, डोक्याच्या उंचीला, उन्हापासून आणि गॅसच्या शेगडीपासून लांब टांगायला सांगावं. वायर थोडी दिसेल, ती दिसू द्या.