खांबाशी झोंबी

आमचा नगर जिल्हा कुस्तीवेडा. गावच्या जत्रेत कुस्त्यांचा हगामा झाला नाही तर जत्रा झाल्यासारखी वाटत नाही. २०२५ साली तर महाराष्ट्र केसरीचे मैदान याच जिल्ह्यात दोनदा भरले, आधी नगर शहरात आणि मग कर्जतला. हलगी कडाडली की माझेही पाय तिकडे वळतात. पण मनापासून ओढ आहे ती कुस्तीच्याच घरातल्या एका अबोल कलेची, मल्लखांबाची.

ही कला वाढली ती कुणाला तरी चीत करण्यासाठीच. परंपरेने चालत आलेली हकिकत अशी, की दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारी निजामाकडचे अली आणि गुलाब हे पहिलवान आले आणि त्यांनी जोड मागितली. पुढे झाले ते कोवळ्या वयाचे बाळंभट देवधर. त्यांनी मुदत मागून घेतली, वणीचा सप्तशृंगगड गाठला, तिथे लाकडी खांबावर डाव घोटले आणि परत येऊन कुस्ती मारली. बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथातही खांबावरच्या मेहनतीचा उल्लेख सापडतो, म्हणजे बाळंभटदादांनी विस्मरणात गेलेली विद्या पुन्हा उभी केली. पुढे दरबार गेला, जोड मागणारेही गेले. खांब राहिला आणि त्याच्याशी झोंबणारा माणूस राहिला. मला या कलेचे मोठेपण इथेच दिसते: डाव सगळे लढाईचे, पण समोर हरणारे कुणी नाही.

खांब सागाचा किंवा शिसवीचा. जमिनीवर साडेआठ फुटांच्या आसपास उंच, वर निमुळता होत गेलेला, माथ्यावर बोंड. एरंडेल चोळून चोळून त्याला काळपट तकाकी आलेली असते आणि जवळ गेले की तो जडसर वास नाकात भरतो. सुरुवात साध्या अढीपासून. दोन्ही हातांनी खांब धरून पाय वर टाकायचे, मांड्यांचा विळखा घालायचा आणि डोके खाली असतानाच हात सोडायचे. सगळी परीक्षा त्या हात सोडण्यात आहे. भीतीने अंग आवळले, की ताकद मानेत आणि खांद्यांत जाऊन बसते. तिथे तिचा काडीचा उपयोग नसतो. श्वास कोंडतो, मांड्यांची पकड ढिली पडते आणि अंग घसरू लागते. तेच हळूच श्वास सोडला, तर खांदे मोकळे होतात आणि पकड हवी तिथे, हवी तेवढीच उरते. दिवसभराचा राग घेऊन आलेल्या माणसाला खांब काही बोलत नाही, फक्त धरू देत नाही. राग बाजूला ठेवल्याशिवाय बगली, दसरंग, फिरकी या पुढच्या प्रकारांतले काहीच साधत नाही, आणि साधायला लागले की राग कुठे गेला हे आठवतही नाही.

याच जिल्ह्यात प्रवरेकाठी नेवाशाला दुसरा एक खांब आहे, पैसाचा. १२९० साली ज्ञानदेव त्याला टेकून बसले, गीतेचा अर्थ सांगत गेले आणि सच्चिदानंदबाबा लिहीत गेले, असे आपण मानतो. तीच ज्ञानेश्वरी, आणि तिचा सहावा अध्याय मला फार जवळचा वाटतो. मन स्थिर करायची वाट तिथे आधी जागेपाशी, आसनापाशी आणि शरीराच्या बंधांपाशी सुरू होते. मन आवरा असे मनाला नुसते बजावून काही होत नाही. आधी पाठ, मांड्या, श्वास यांना कामाला लावावे लागते, आणि खांबावर उलटे लटकताना हे जितके पटते तितके वाचून पटत नाही.

शरीरातून मन शांत करायला आयकिडो, ताई-ची अशा परदेशी कला शिकायला शहरांत माणसे फी भरून जातात आणि ते चांगलेच आहे. पण आमच्या तालमींतून लाल मातीशेजारी एक खांब पुरायला काय हरकत आहे? पहिलवानांच्या पोरांसाठी नव्हे फक्त. परीक्षेच्या धसक्याने झोप उडालेल्या मुलांसाठी, दुकानात दिवसभर बसून कंबर धरलेल्यांसाठी. मुलींसाठी दोरीचा मल्लखांब आहेच, त्याला तर आढ्याला बांधलेली एक मजबूत दोरी पुरते. मात्र खाली जाड गादी आणि शेजारी जाणता शिकवणारा आधी हवा. खांब त्यानंतर आणावा.